धरणी थांबल्यावर

मराठीत ‘धसका’ असा एक शब्द आहे. भीती निराळी आणि धसका निराळा. भीती प्रसंगाबरोबर येते नि प्रसंगाबरोबर निघून जाते. धसका मात्र मागाहून घेतला जातो, आणि एकदा घेतला की तो मुक्कामाला राहतो. ‘पुराचा धसका घेतला आणि वर्षाच्या आत अंथरूण धरलं,’ अशी वाक्ये घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण कितीदा तरी ऐकली आहेत आणि ऐकून सोडूनही दिली आहेत. शिकल्यासवरल्या माणसाला ते जुन्या वळणाचे बोलणे वाटते. परंतु गेल्या तीस वर्षांत जपानी डॉक्टरांनी रक्तदाबाची यंत्रे आणि रुग्णवाहिकांच्या नोंदी पुढ्यात घेऊन नेमका हाच धसका मोजला आहे. आणि त्याचे माप चांगलेच मोठे भरले आहे.

दिवाळीच्या अंकात पक्षाघाताचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घराला हा विषय परका नाही.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानातील कोबे शहर आणि समोरचे आवाजी बेट भूकंपाने हादरले. ६,४०० हून अधिक माणसे गेली. या भूकंपाचा केंद्रबिंदू आवाजीच्या उत्तर टोकाशी होता, आणि तिथल्या होकुदान गावच्या एका लहानशा सार्वजनिक दवाखान्यात काझुओमी कारिओ नावाचे डॉक्टर काम करीत होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे रक्तदाब ते नेमाने तपासून टिपून ठेवीत. त्यामुळे असा एक योग जुळून आला, जो शास्त्राच्या वाट्याला क्वचितच येतो: त्याच माणसांचे भूकंपाआधीचे आकडे हाताशी, आणि भूकंपानंतरचेही.

ते आकडे ताडून पाहता दिसले ते असे. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांचा रक्तदाब चढला. पुढे महिना-दीड महिन्यात पुष्कळांचा पूर्वपदावर आला. पण ज्यांच्या मूत्रपिंडांना आधीपासूनच थोडी इजा झालेली होती, त्यांचा चढलेलाच राहिला. रक्त दाट झाले होते आणि ते गोठवणारी द्रव्येही वाढली होती. बेटावर पुढच्या काही महिन्यांत हृदयविकाराने आणि पक्षाघाताने झालेले मृत्यू वाढले, तेही केंद्रबिंदूजवळच्या गावांत अधिक. कारिओंनी या प्रकाराला जे नाव दिले त्याचा मराठी अर्थ ‘आपत्तीचा रक्तदाब’ असा होतो.

आता हे घडते कसे, तेही पाहू. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो आणि पहाटे जाग येताना पुन्हा चढतो. रात्रीचा हा उतार म्हणजे रक्तवाहिन्यांची विश्रांती. शाळेच्या व्यायामशाळेत शेकडो माणसे दाटीवाटीने पडलेली, दिवे रात्रभर जळताहेत, मधूनच जमीन पुन्हा हलते आहे, अशा ठिकाणी झोप कुठली आणि उतार तरी कुठला? दिवसभर ताणलेल्या मज्जातंतूंमुळे अ‍ॅड्रीनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात वाहत असतात, ती रात्रीही थांबत नाहीत. त्यात मदतीचे अन्न म्हणजे डबाबंद पदार्थ आणि गरम पाण्यात टाकायच्या शेवया, म्हणजे मिठाचा मारा. एरवीचे मीठ निरोगी शरीर बाहेर टाकते. ताणाखालचे शरीर ते धरून ठेवते.

आणखी एक गोष्ट. छावणीत शौचकूप थोडे, तेही लांब आणि अंधारात. म्हणून वृद्ध माणसे, विशेषतः बायका, पाणीच कमी पितात. कुणी त्यांना तसे सांगत नाही, संकोच सांगतो. (आपल्याकडे एस.टी.च्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाया सकाळपासून चहाचा घोटही घेत नाहीत, तशातलाच हा प्रकार.) पाणी कमी, हालचाल कमी, रक्त दाट, मग गुठळी व्हायला कितीसा वेळ लागतो? २००४ साली निइगाता भागात भूकंप झाला तेव्हा घरात जायला घाबरलेली माणसे दिवसेंदिवस मोटारींत बसून झोपली, आणि पायांतल्या शिरांत झालेल्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन त्यांपैकी काही दगावली.

पक्षाघात दोन वाटांनी येतो: मेंदूकडे जाणारी वाहिनी गुठळीने बुजते, किंवा मेंदूतली वाहिनी फुटते. आपत्ती दोन्ही वाटा मोकळ्या करते. गुठळ्यांना दाट रक्त मिळते आणि फुटण्याला चढता दाब. भाषेच्या माणसाला इथे एक मौज वाटल्यावाचून राहत नाही. आपण या रोगाला ‘अर्धांगवायू’ म्हणतो आणि खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. जपानी-चिनी लिपीत त्याचे जुने नाव दोन चित्राक्षरांनी लिहितात, आणि त्यांचा अर्थ ‘वाऱ्याने गाठलेला’ असा आहे. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांना एकच वारा दिसला! जपानला हा वारा फार जुन्या ओळखीचा. १९५० नंतरची तीस वर्षे त्या देशात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हेच होते, आणि ईशान्येकडचा थंड प्रदेश, जिथे खारवलेल्या भाज्या आणि मिसोचे कढण हे रोजचे जेवण, तो त्यासाठी कुप्रसिद्ध होता.

त्याच ईशान्य प्रदेशावर ११ मार्च २०११ रोजी दुपारी ९.० तीव्रतेचा भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. त्या दिवशी तिथे बर्फ पडत होते. जवळजवळ सोळा हजार मृत आणि अडीच हजार बेपत्ता. पुढे तोहोकू विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञांनी मियागी प्रांतातल्या रुग्णवाहिकांच्या चार वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्या सव्वा लाखाच्या घरात होत्या. भूकंपानंतर लगेच हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया यांचे रुग्ण एकदम वाढलेले आढळले. ७ एप्रिलच्या रात्री मोठा उत्तरधक्का बसला, तेव्हा पक्षाघाताच्या आकड्याने पुन्हा डोके वर काढले. शेजारच्या इवाते प्रांतात पहिल्या चार आठवड्यांतली वाढ सर्वांत ठळक दिसली ती जास्त पाणी शिरलेल्या किनाऱ्यावरच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत.

ही पहिली उसळी ओसरते. खरी चिंता त्यानंतरची आहे, आणि ती वर्तमानपत्रांत येत नाही, कारण तोवर वार्ताहर परत गेलेले असतात.

फुकुशिमाच्या अणुकेंद्रातील अपघातामुळे दीड लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. त्यांची आरोग्यतपासणी तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने वर्षानुवर्षे चालवली आहे. स्थलांतर केलेल्यांत वजन वाढले, रक्तदाब वाढला, मधुमेह वाढला, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकारही वाढला. या अनियमित ठोक्यांनी पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. कारण काही किरणोत्सर्ग नव्हे. शेतावर राबणारा, परसातली भाजी खाणारा माणूस पत्र्याच्या खोलीत आला, त्याचे कामच गेले, शेजारी अनोळखी. तो दिवसभर दूरदर्शनसमोर बसू लागला. अमेरिकेत २००५ साली कत्रीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले, तेव्हा तिथल्या ट्युलेन विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांनी सुमारे तिप्पट झालेले आढळले, आणि पुढेही कित्येक वर्षे ते चढेच राहिले. तो आकडा हृदयाचा, मेंदूचा नव्हे. पण रक्तवाहिन्या एकाच शरीरातल्या. त्या रुग्णांत बेकार, विमा नसलेले आणि धूम्रपान करणारे पूर्वीपेक्षा अधिक होते.

कोबेच्या तात्पुरत्या घरांत तर पाच वर्षांत दोनशेहून अधिक माणसे एकटी मेली. कुणाला कळलेही नाही. जपान सरकार अशा मागाहून होणाऱ्या मृत्यूंची वेगळी नोंद ठेवते आणि वारसांना भरपाई देते. फुकुशिमा प्रांतात या यादीतली संख्या प्रत्यक्ष भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांहून मोठी झाली. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपातही तेच घडले.

आपल्याला इथे किल्लारी आठवल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट; गणपती पोचवून माणसे नुकती निजली होती. पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढल्यावर पुष्कळ गावे नव्या जागी, रुंद रस्त्यांची, आखीव चौकोनांची वसली. घरे मजबूत झाली यात शंका नाही. पण जुन्या गल्लीत ओट्यावर बसून समोरच्या ओट्याशी बोलता येत असे, ते अंतर आराखड्यात कोण मोजणार? मला वाटते, पुनर्वसनाच्या नकाशात सिमेंटच्या हिशेबाइतकाच शेजाराचा हिशेब मांडायला हवा, आणि तो मांडायला वैद्यकाने आता पुरेसे कारण दिले आहे.

उपायही जपान्यांनी शोधले आहेत, आणि ते फार साधे आहेत. मिनामिसानरिकू गावचे रुग्णालय त्सुनामीने चौथ्या मजल्यापर्यंत बुडवले. तिथल्या छावण्यांत कारिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाची अशी यंत्रे बसवली, की म्हाताऱ्याने हात घालावा आणि आकडा दूरच्या विद्यापीठात पोचावा. चढता दिसला की डॉक्टरांनी निरोप धाडावा. जोडीला आठ गोष्टींची यादी: सहा तास झोप, वीस मिनिटे चालणे, मीठ कमी, वजन दोन किलोच्या आत-बाहेर, हात धुणे, भरपूर पाणी, औषध न चुकवणे, आणि रक्तदाब तपासणे. जमिनीच्या गारठ्यापासून व धुळीपासून वर राहावे म्हणून छावण्यांत आता पुठ्ठ्याच्या खाटा मांडतात. त्यांवरून उठणे सोपे, म्हणून म्हातारी माणसे उठतात आणि हिंडतात.

आणि एक वही. जपानात औषधाच्या दुकानातून खिशात मावेल अशी वही मिळते. दुकानदार प्रत्येक वेळी तीत गोळीचे नाव, मात्रा आणि तारीख चिकटवून देतो. २०११ साली दवाखान्यांतील कागद समुद्रात गेले, तेव्हा ज्यांच्या पिशवीत ही वही होती त्यांना दुसऱ्या गावच्या डॉक्टरने तीच गोळी देता आली. बाकीचे ‘पांढरी, लहान, सकाळची’ एवढेच सांगू शकले. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी घरांत शिरले. अशा वेळी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातल्या गोळ्या आधी भिजतात, आणि ‘पांढरी, लहान, सकाळची’ हे आपल्या आजीचेही उत्तर असते. शाळेच्या जुन्या वहीतले एक पान, त्यावर गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची, शेवटचा रक्तदाब आणि डॉक्टरांचे नाव. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेबरोबर ठेवायचे, आणि दुसरी प्रत गावाला किंवा परगावी असलेल्या मुलीकडे.