सीव्हीचा सल्ला पारखायचा कसा?

पदवीच्या शेवटच्या वर्षी आपल्या हातात सीव्हीचा एक साचा पडतो. वर ‘ऑब्जेक्टिव्ह’, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा अर्ज यांत आपण फारसा फरकच ठेवलेला नाही. साचा देणाऱ्यानंही तो बहुधा दुसऱ्या कुणाकडून घेतलेला असतो. उमेदवार निवडायला तो स्वतः बसलेला नसतो.

यात नुकसान कुणाचं? समजा, बी.कॉम.ची एक मुलगी दोन वर्षं काकांच्या दुकानाचे हिशेब टॅलीत ठेवते, जीएसटी रिटर्न भरायला मदत करते. सीव्हीत मात्र ती ‘फ्रेशर’ लिहिते, कारण तिला तसंच सांगितलेलं असतं. नोकरी देणाऱ्याला जे बघायचं होतं, नेमकं तेच कागदावर येत नाही.

आणि खरोखरच अनुभव नसेल तर? शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१चा आहे. २०१४च्या दुरुस्तीनं अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही विद्यावेतनासह उमेदवारीची वाट मोकळी झाली. सीव्हीचा फॉन्ट कोणता असावा, हे आपल्याला तासभर सांगतात. ही वाट क्वचितच.

तेव्हा सल्ला देणाऱ्याला आपण दोनच प्रश्न विचारू या: हा अर्ज वाचणार कोण? आणि मी केलेलं कोणतं काम त्याला यात दिसेल? उत्तर मिळालं नाही, तर साचा परत करायला हरकत नाही.