झाडीपट्टीची जागती रात्र

पुण्या-मुंबईचं नाटक अडीच-तीन तासांत आटोपतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत एवढ्यावर पडदा पाडला, तर पैसे परत मागतील लोक! इथे दहानंतर सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. नाट्यगृह कुठलं? गावाबाहेरच्या शेतात मंडप, अंगावर घोंगडी, पुढ्यात ऑर्गन-तबला आणि हल्ली ऑक्टोपॅडही.

दिवाळी झाली, धान घरात आलं की हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. नाटकासाठी लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. दंडारीच्या लोकपरंपरेतून वाढलेल्या या रंगभूमीचं ठाणं म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथेच. गावातलं मंडळ इथे येऊन नाटक ठरवतं आणि तिकिटांतून खर्च काढतं. ऐन प्रयोगाच्या रात्री अवकाळी पाऊस आला, तर फटका गावातल्या पोरांना.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच मातीतले. पाच हजारांवर प्रयोग, आठशे निरनिराळ्या भूमिका! विनोदी नट म्हणून त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. (आपल्या माणसाची ओळखही दुसऱ्याच्या नावानं करून द्यायची, ही आपली जुनी खोड.) 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या अनेक रसिकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. झाडीपट्टीत मात्र आजोबा, बाप आणि नातू त्यांना एकाच मंडपात बसून हसले होते.

पहाटे पडदा पडतो. तोंडाचा रंग पुसत नट गाडीत बसतात आणि तिथेच डोळा लागतो. रात्री पुन्हा नवं गाव.