झाशीची राणी खेळाच्या आखाड्यात: बलस्थाने आणि उणिवा

उत्तर प्रदेशातील झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला अनेक दरवाजे होते. त्यांपैकी बऱ्याच दरवाज्यांना, तेथून ज्या गावाकडे वाट निघते त्या गावाचे नाव मिळाले. ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, भांडेर दरवाजा ही त्याची उदाहरणे. शहराच्या वायव्येस असलेल्या दतिया संस्थानाकडे जाणारा रस्ता ज्या दरवाज्यातून निघे, तो दतिया दरवाजा. 'दतिया गेट' हे नाव झाशीतील वस्तीला आजही आहे.

या शहराची राणी लक्ष्मीबाई 4 एप्रिल 1858 च्या रात्री इंग्रजांचा वेढा भेदून बाहेर पडली. त्यानंतर पोवाडे, कादंबऱ्या, नाटके, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांतून ती घरोघरी पोहोचली. गेल्या काही वर्षांत तिला आणखी एक माध्यम लाभले आहे, ते म्हणजे व्हिडिओ गेम. 2015, 2019 आणि 2025 या वर्षांत तीन वेगवेगळ्या विदेशी खेळांतून झाशीची राणी पडद्यावर अवतरली. या अवतारांत तिचे सामर्थ्य कितपत उतरले आणि काय निसटले, हे पाहण्यासाठी आधी अशा खेळांची रीत समजून घ्यावी लागते.

संमिश्र आखाडा म्हणजे काय?

निरनिराळ्या कथाविश्वांतील पात्रांना एका आखाड्यात आणून त्यांची झुंज लावणाऱ्या खेळांना 'क्रॉसओव्हर' म्हणतात. 1994 मध्ये जपानच्या एसएनके कंपनीने 'द किंग ऑफ फायटर्स' या खेळात आपल्याच वेगवेगळ्या खेळांतील लढवय्ये एकत्र आणले. 1996 मध्ये कॅपकॉम कंपनीच्या 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'मध्ये अमेरिकी चित्रकथांतील नायक जपानी खेळातील मल्लांसमोर उभे राहिले. 1999 मध्ये निन्टेंडोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' आला. 2012 मधील 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची पात्रे भिडली. 1991 पासून खेळाडूंच्या परिचयाचा असलेला, हातपाय लांबवणारा भारतीय योगी धालसिम याही खेळात होता.

'हा जिंकेल की तो?' या बालसुलभ प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हातांनी मिळवता येणे, ही या प्रकाराची सर्वांत मोठी जमेची बाजू. पात्राशी आधीच ओळख असल्याने खेळाडूचे मन चटकन गुंतते. एका पात्राच्या ओढीने आलेला खेळाडू दुसऱ्या दहा पात्रांशी परिचित होतो.

उणीवही याच मुळातून निघते. पात्रे जितकी अधिक, तितके त्यांच्यात समतोल राखणे अवघड. 2000 साली आलेल्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 2' या खेळात 56 पात्रे होती. स्पर्धांमध्ये मात्र मॅग्नीटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल या मोजक्या पात्रांचाच वरचष्मा राहिला. उरलेली बहुसंख्य पात्रे केवळ पटावरच्या हजेरीपुरती उरली. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. आखाड्यात उतरताना प्रत्येक पात्राला स्वतःचा इतिहास, भाषा आणि भोवतालचा समाज मागे ठेवावा लागतो. काल्पनिक पात्राच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी असते.

इतिहासपुरुषांची झुंज

जुलै 2015 मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनसाठी सुरू झालेला 'फेट/ग्रँड ऑर्डर' हा खेळ अशा व्यक्तींवरच उभा आहे. 2004 मधील 'फेट/स्टे नाइट' या खेळातून ही मालिका वाढली. जगभरच्या इतिहासातील आणि पुराणांतील वीर मंत्रसामर्थ्याने पुन्हा प्रकट होतात आणि लढतात, अशी तिची कल्पना. इंग्लंडचा राजा आर्थर, फ्रान्सची जोन ऑफ आर्क, जपानचा ओडा नोबुनागा, महाभारतातील अर्जुन आणि कर्ण असे सारे येथे भेटतात. झटपट कळा दाबून खेळण्याचा हा खेळ नव्हे. खेळाडूला पाच पत्ते मिळतात, त्यांतील तीन निवडून डाव टाकायचा, असे त्याचे स्वरूप आहे.

जून 2019 मध्ये या खेळाच्या भारतावर बेतलेल्या अध्यायात राणी लक्ष्मीबाईचा प्रवेश झाला. तिला 'सेबर', म्हणजे तलवारबाजांच्या वर्गात स्थान मिळाले. या खेळात प्रत्येक वर्गाचे बळ आणि दुबळेपण ठरलेले असते. तलवारबाज भालाईताला भारी, भालाईत तिरंदाजाला भारी आणि तिरंदाज तलवारबाजाला भारी. वर्ग अनुकूल असेल तर प्रहार दुप्पट होतो, प्रतिकूल असेल तर निम्मा. त्यामुळे कोणताही वीर सर्वांवर मात करू शकत नाही. सोबती कोण निवडले यावर यश अवलंबून राहते.

हा नियम 1858 च्या झाशीशी ओझरता का होईना, जुळतो. सर ह्यू रोज याच्या फौजा मार्चच्या उत्तरार्धात शहरापुढे आल्या. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले. मदतीला आलेल्या तात्या टोपे यांच्या सैन्याचा 1 एप्रिल रोजी बेतवेकाठी पराभव झाला आणि 3 एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. दुरून मारा करणाऱ्यापुढे तलवारीचे बळ अपुरे पडते आणि सोबती हरला की एकट्याचे शौर्य पुरत नाही, हे झाशीने अनुभवले होते.

जमेच्या बाजू

राणीच्या या अवतारांची पहिली जमेची बाजू म्हणजे तिची पोहोच. जपान किंवा अमेरिकेतील तरुणाच्या शालेय पुस्तकात झाशीचे नाव सहसा येत नाही. खेळातील पात्र आवडले म्हणून तो तिचे चरित्र शोधू लागतो.

दुसरी बाजू तिच्या स्थानाची. विदेशी खेळांतील भारतीय पात्र बराच काळ योगी, गारुडी किंवा महाराजा अशा ठरीव साच्यात असे. लक्ष्मीबाई येथे राजा आर्थरच्या पंक्तीला बसते, शोभेची बाहुली म्हणून नव्हे. फेब्रुवारी 2015 मध्ये प्लेस्टेशन 4 साठी आलेल्या 'द ऑर्डर: 1886' या खेळात तर ती लंडनमधील बंडखोरांची नायिका आहे. ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारी 'युनायटेड इंडिया कंपनी' गुप्तपणे रक्तपिपासू पिशाच्चे जहाजांतून परदेशी धाडते आणि राणी ते उघडकीस आणू पाहते, असे कथानक आहे. कथा निखालस काल्पनिक आहे, पण साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्यालाच जाब विचारणारी व्यक्ती म्हणून राणीची निवड झाली, ही गोष्ट लक्षणीय ठरते.

2025 मधील 'सिव्हिलायझेशन 7' या राज्यविस्ताराच्या खेळासाठी त्याच वर्षी आलेल्या पुरवणी संचातही लक्ष्मीबाईचा नेत्यांत समावेश झाला. या खेळात नेता आणि संस्कृती यांची सांगड खेळाडूच घालतो. त्यामुळे झाशीची राणी रोमचे किंवा इजिप्तचेही नेतृत्व करू शकते.

उणिवा कोणत्या?

'फेट/ग्रँड ऑर्डर'मधील राणीचा चेहरा जोन ऑफ आर्कच्या चेहऱ्यावरून बेतलेला आहे. 'भारताची जोन' ही तिला मिळालेली पाश्चात्त्य उपाधी चित्रकाराने शब्दशः घेतली. दोघींमधील साम्य मात्र वरवरचे आहे. 1431 मध्ये जिवंत जाळली गेलेली जोन ही दैवी वाणी ऐकू येते असे सांगणारी शेतकऱ्याची मुलगी होती. लक्ष्मीबाई राज्यकारभार पाहणारी विधवा राणी होती. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव नेवाळकर यांचे निधन झाले. दत्तकपुत्र दामोदरराव यांचा वारसा गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला आणि 1854 मध्ये संस्थान खालसा केले. राणीने त्यावर प्रथम तलवार नव्हे, लेखणी उचलली. तिने कंपनी सरकारकडे अर्ज पाठवले आणि जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. ही कायद्याची लढाई कोणत्याही तलवारबाजाच्या पत्त्यांत बसत नाही.

याच खेळाने राणीच्या ठायी अलक्ष्मीचाही अंश कल्पिला आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. त्या मराठी वाचकाला ही सरमिसळ खटकल्यास नवल नाही. नावातील 'लक्ष्मी' या शब्दावरून ही कल्पना पुढे गेलेली दिसते. हे नाव मात्र मोरोपंत तांबे यांच्या मनकर्णिकेला विवाहानंतर मिळालेले सासरचे नाव होते.

भाषेचीही तीच गत. खेळातील राणीच्या सर्वोच्च अस्त्राचे नाव 'नहीं देंगे' असे आहे. झाशी न देण्याचा तिचा निर्धार सर्वत्र हिंदीतूनच सांगितला जातो, म्हणून ते स्वाभाविकही आहे. परंतु झाशीचे नेवाळकर घराणे मराठी होते. झाशीचा किल्ला ओरछाचा राजा बीरसिंह देव याने सतराव्या शतकात बांधला आणि अठराव्या शतकात मराठ्यांचा सुभेदार नारो शंकर याने तो वाढवला. नाशिकच्या गोदाकाठी ज्याच्या नावाचे मंदिर आणि घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारो शंकर. रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात झाशीतच होते. त्यांचे 'माझा प्रवास' हे मराठी पुस्तक 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वेढ्यातील शहराचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आहे. बुंदेलखंडी शहरातील हा मराठी धागा खेळांत कोठेच दिसत नाही.

आणखी एक उणीव पैशाची आहे. 'फेट/ग्रँड ऑर्डर'मध्ये हवे ते पात्र थेट विकत मिळत नाही, सोडतीसारखे काढावे लागते. पैसे मोजूनही ते मिळेलच याची शाश्वती नसते. सोडतीच्या एका विशिष्ट प्रकाराला जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2012 मध्येच बेकायदा ठरवले. पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगाराच्या व्याख्येत येतात, असा निष्कर्ष 2018 मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी काढला. फोन मुलांच्या हाती देणाऱ्या पालकांनी ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

दतिया दरवाज्याची साक्ष

या साऱ्यांत मोठी उणीव म्हणजे शत्रू-मित्रांची सोपी विभागणी. आखाड्यात एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी असतो. झाशीत चित्र इतके सरळ नव्हते. 1857 च्या उत्तरार्धात झाशीवर पहिली चाल झाली ती इंग्रजांची नव्हे, तर कंपनीच्या बाजूने असलेल्या ओरछा आणि दतिया या शेजारी संस्थानांची. ज्या रस्त्याने एरवी व्यापारी आणि यात्रेकरू ये-जा करीत, त्याच दिशेने शत्रूची फौज आली. ती परतवून लावण्यात झाशीला यश आले.

पुढे ह्यू रोजच्या सैन्यातही हैदराबाद कंटिन्जंटचे शिपाई होते. उलट झाशीच्या तटावर गुलाम गौस खान यांच्यासारखे गोलंदाज, बुंदेले, मराठे आणि अफगाण खांद्याला खांदा लावून लढले. झलकारीबाईची स्मृती बुंदेलखंडातील कोरी समाज आजही जपतो. नाना प्रदेशांचे आणि धर्मांचे लोक एका तटावर एकत्र येणे, हा खरा संमिश्र आखाडा होता. तेथे पत्ते पुन्हा पिसण्याची सोय नव्हती. शहर पडल्यावर झालेल्या कत्तलीत सामान्य नागरिकही मोठ्या संख्येने मारले गेले. राणी स्वतः जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली.

खेळाकडून इतिहासग्रंथाची अपेक्षा करणे योग्य नव्हे. पोवाड्याने आणि चित्रपटानेही राणीचे चरित्र आपापल्या सोयीने रंगवले आहेच. फरक इतकाच की त्या रचना करणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना झाशी ठाऊक होती. दूरदेशीच्या खेळाडूला मात्र पडद्यावरील राणी हीच पहिली आणि कित्येकदा शेवटची ओळख ठरते. भारतातही पुस्तकाआधी फोन हाती येणाऱ्या पिढीच्या बाबतीत हे घडू शकते. हा खेळ मुलांकडून हिरावून घेणे हा त्यावरचा उपाय नाही. खेळ संपल्यावर त्यांना विष्णुभटांचे पुस्तक दाखवता येईल आणि झाशीला गेल्यास किल्ल्याबरोबर दतिया दरवाज्याकडेही नेता येईल. तो रस्ता कोठे जातो आणि तिकडून कोण चालून आले, हे सांगितले की पडद्यावरील तलवारबाज राणीमागची खरी लक्ष्मीबाई त्यांना समजू लागेल.