जर्नल छापण्यापेक्षा व्हिडिओ बनवा! सायन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थ्यांच्या हातचे व्हिडिओ नेमकं काय बदलतात?

तुम्ही सायन्सला असाल किंवा कधीकाळी होता, तर हा सीन ओळखीचा वाटेल.

टेबलावर एक ब्युरेट आणि भोवती चार विद्यार्थी. एक जण तोटी फिरवतोय, दुसरी फ्लास्क हलवतेय, तिसरा वहीत आकडे लिहितोय. चौथीचं लक्ष घड्याळाकडे आहे, कारण गावाकडे जाणारी एसटी चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही. शेवटी चौघांच्या जर्नलमध्ये एकच रीडिंग जातं, सरांची सही होते आणि प्रॅक्टिकल संपतं.

सेमिस्टरच्या शेवटी कागदावर चौघांचंही टायट्रेशन 'झालेलं' असतं. पण ते 'आलंय' किती जणांना?

रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या पोरांसाठी हा प्रश्न किरकोळ नाही. पुढे कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, पाणी तपासणीच्या किंवा पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी मागायला गेलं, की तिथे जर्नल कुणी बघत नाही. ब्युरेट हातात देतात आणि "करून दाखवा" म्हणतात.

यावर काही विद्यापीठांनी एक साधा उपाय करून पाहिला आहे. विद्यार्थ्याने प्रयोग करताना स्वतःचा छोटा व्हिडिओ बनवायचा आणि तोंडाने समजावून सांगायचं. हे कसं चालतं आणि त्यात खरंच काही दम आहे का, ते बघूया.

आधी समजून घेऊ, लॅबमध्ये अडतं कुठे?

आपल्याला वाटतं, पोरं लक्ष देत नाहीत. पण ग्लासगो विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अॅलेक्स जॉनस्टोन यांनी अनेक वर्षं या प्रश्नाचा अभ्यास केला आणि वेगळंच कारण पुढे आणलं. माणसाचा मेंदू एका वेळी मोजक्याच गोष्टी हाताळू शकतो. लॅबमध्ये मात्र एकदम सगळंच अंगावर येतं: नवी उपकरणं, नवे शब्द, लेखी सूचना, तोंडी सूचना, सुरक्षेचे नियम, मागची थिअरी आणि वर वेळेचं बंधन.

अशा वेळी विद्यार्थी समजून घेणं सोडून देतो आणि पाककृती वाचल्यासारखा एकेक पायरी उरकत जातो. शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघून तसंच करतो.

आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावीपासून इंग्रजी पुस्तकांना भिडतात. 'फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा' हे इंग्रजीत वाचलं, तरी फिकट म्हणजे किती फिकट, हे पुस्तक सांगत नाही.

मग यूट्यूबवर बघून घ्यावं ना?

बघायला हरकत काहीच नाही. व्हिडिओतून विज्ञान शिकवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झाला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणाऱ्या शेकडो छोट्या फिल्म्स बनवल्या आणि त्या मराठीसह अनेक भाषांत मोफत उपलब्ध करून दिल्या. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पात आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनी संगणकावर करायचे प्रयोग तयार केले.

तयारीसाठी हे सगळं उत्तमच. पण नुसतं बघण्यात एक गंमतीशीर धोका आहे.

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या अमेरिकन संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भांडी न पाडता टेबलावरचा कपडा झटक्यात ओढायची युक्ती लोकांना व्हिडिओवर दाखवली. काहींनी ती एकदा पाहिली, काहींनी २० वेळा. ज्यांनी २० वेळा पाहिली, त्यांना 'हे मला जमेल' असं जास्त वाटू लागलं. अशाच इतर कौशल्यांच्या प्रयोगांत लोकांना प्रत्यक्ष करायला लावलं, तेव्हा आत्मविश्वास वाढलेला दिसला, पण हात काही सुधारलेला नव्हता.

विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकता येत नाही, असं आपली आजी सांगायची. ते हेच.

बघणं आणि बनवणं यात फरक काय?

बनवताना दोन गोष्टी टाळता येत नाहीत. एक म्हणजे स्वतःच्या हाताने करणं. दुसरी म्हणजे 'का' ते तोंडाने सांगणं.

दुसऱ्या गोष्टीवर लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर यांचा २०१३ मधला अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना डॉप्लर परिणामावरचा धडा दिला. काहींनी परीक्षेच्या तयारीने वाचला, काहींनी शिकवायच्या तयारीने वाचला आणि काहींनी खरोखरच कॅमेऱ्यासमोर शिकवून दाखवला. काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत ज्यांनी प्रत्यक्ष शिकवलं होतं, ते पुढे राहिले. समोर ऐकायला कुणी नव्हतं, फक्त कॅमेरा होता, तरीही.

पहिल्या गोष्टीचं उदाहरण एडिनबरा विद्यापीठात आहे. तिथे मायकेल सीरी आणि सहकाऱ्यांनी टायट्रेशन, ऊर्ध्वपातन आणि प्रमाणित द्रावण बनवणं ही कौशल्यं निवडली. विद्यार्थी आधी नमुना व्हिडिओ बघून यायचे. लॅबमध्ये एकाने कृती करायची, जोडीदाराने यादी हातात घेऊन तपासायची, चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं आणि मग फोनवर शूट करायचं. व्हिडिओ बरोबर असला की विद्यार्थ्याला त्या कौशल्याचा डिजिटल बॅज मिळायचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मार्सी टाउन्स यांच्या गटानेही पिपेट वापरण्यासारख्या कौशल्यांसाठी अशीच पद्धत राबवली.

यात व्हिडिओ सुंदर असण्याची अट कुठेच नाही. हात दिसला पाहिजे, कृती बरोबर असली पाहिजे, एवढंच.

हेच आपल्या खाडीवर करायचं झालं तर?

समजा प्रयोग आहे, पाण्यातलं क्लोराइड मोजायचा. बीएस्सीला शिकवली जाणारी 'मोहर पद्धत'. पाण्याच्या नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं. मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं. आधी पांढरा साका तयार होतो. सगळं क्लोराइड संपलं, की पुढचा थेंब विटकरी छटा आणतो आणि ती टिकते. तिथे थांबायचं.

आता हा प्रयोग बाटलीतल्या मिठाच्या पाण्याऐवजी रेवदंड्याच्या खाडीतून भरून आणलेल्या पाण्यावर करा. कुंडलिका नदी तिथे समुद्राला मिळते. भरतीचं पाणी वेगळं, ओहोटीचं वेगळं. जुलैत नदीला पूर असताना वेगळं, मे महिन्यात आणखी वेगळं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९ ते २० ग्रॅम क्लोराइड असतं. ते दहापट पातळ करून त्यातलं १० मिली घेतलं, तर ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट साधारण ५.६ मिली लागतं. म्हणजे शेवटी हात घसरून फक्त ०.३ मिली जास्त गेलं, तरी उत्तर पाच टक्क्यांनी चुकतं. अर्ध्या सेकंदाची चूक!

हे व्हिडिओत दिसतं, जर्नलमध्ये दिसत नाही. ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिलाय का? वरचं फनेल काढलंय का? डोळा द्रावणाच्या पातळीला आहे की वरून वाकून बघितलंय? तिशीतल्या सरांना २० विद्यार्थ्यांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या डोळ्याची उंची बघता येत नाही. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये ती चटकन कळते.

आणि हे पाणी परकं नाही. पेण आणि अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं. एखाद्या विद्यार्थिनीच्या घरचं शेत त्यात असतं. त्या शेतातल्या पाण्यात मीठ किती, हे तिने स्वतः मोजून मराठीत सांगितलं, तर तो व्हिडिओ तिच्या घरचेही शेवटपर्यंत बघतील.

प्राणीशास्त्रातही वाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने लॅबमधलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला लावलं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चार्ट आणि मॉडेलवर भागतं. पण किनाऱ्यावरच्या कुठल्याही मासळी बाजारात मावशी रोज बांगडे साफ करतात. त्यांची परवानगी घेऊन कल्ले, आतडं, पोहण्याची पिशवी कॅमेऱ्यात टिपता येते. एकही जीव त्यासाठी वेगळा मारावा लागत नाही.

रीडिंगची किंमत अलिबागला विचारा

"रीडिंग जुळवून टाक रे" हे वाक्य प्रत्येक लॅबमध्ये ऐकू येतं. पण याच किनाऱ्यावर एक रीडिंग बिघडू नये म्हणून अख्खी वेधशाळा हलवली गेली होती.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. त्या विजेमुळे नोंदी बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी शांत जागा म्हणून अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये तिथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीत चुंबकीय साहित्य येणार नाही याची काळजी घेतली गेली. आणि १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळेल.

भारतीय भूचुंबकत्व संस्था आजही ही वेधशाळा चालवते. एवढ्या जुन्या आणि सलग नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. त्यांना किंमत आहे, कारण कुणी रीडिंग 'जुळवलं' नाही.

म्हणूनच विद्यार्थ्यांच्या व्हिडिओत चुकलेला प्रयोगही चालला पाहिजे. 'रंग जास्त गडद झाला, म्हणजे मी पुढे गेले, आता पुन्हा करते' असं सांगणाऱ्या मुलीला पूर्ण मार्क द्यायला हवेत. उत्तर छापणाऱ्याला नाही.

हे करताना कुठे फसतं?

ज्याच्याकडे भारी फोन आणि एडिटिंगची हौस, तोच सगळ्या ग्रुपचा व्हिडिओ बनवतो आणि बाकीचे तीन पुन्हा प्रेक्षक! म्हणून काही नियम आधीच ठरवलेले बरे:

• व्हिडिओ एका टेकमध्ये, कापाकापी न करता. मार्क कृतीला आणि समजावण्याला, संगीत किंवा इफेक्टला शून्य.

• प्रत्येकाचे हात एकदा तरी कॅमेऱ्यात. या आठवड्यात एकाची पाळी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची.

• लांबी दोन-तीन मिनिटं. ऑनलाइन कोर्सच्या लाखो व्हिडिओ-भेटी तपासणाऱ्या २०१४ च्या एका अभ्यासातही दिसलं, की सहा मिनिटांपुढे बघणाऱ्यांचा धीर सुटतो.

• प्रयोग करणारा फोनला हात लावणार नाही, शूटिंग जोडीदार करेल. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडतात, क्रोमेट विषारी आहे. हातमोजे आणि गॉगल आधी, कॅमेरा नंतर.

• भाषा मराठी चालेल. 'एंड पॉइंट' आणि 'इंडिकेटर' हे शब्द तसेच ठेवून बाकी घरी बोलतो तसं बोला.

• व्हिडिओ वर्गापुरताच ठेवा. सोशल मीडियावर टाकायचा असेल, तर दिसणाऱ्या प्रत्येकाची परवानगी हवी. चेहरा दाखवायचा नसेल, तर नुसते हात आणि आवाजही पुरेसा आहे.

फोन नसलेल्या मुलांचं काय? ग्रुपमध्ये एक साधा फोन असला तरी भागतं. आणि शिक्षकांचं काम वाढतं, हे खरंच आहे. म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलचा व्हिडिओ मागू नये. सेमिस्टरमध्ये दोन किंवा तीन कौशल्यं निवडावीत, पहिली तपासणी विद्यार्थ्यांनी एकमेकांची करावी आणि शिक्षकांनी शेवटचा शिक्का मारावा.

थोडक्यात काय?

व्हिडिओमध्ये जादू नाही. फायदा होतो तो कॅमेरा सुरू असताना काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही म्हणून, आणि बोलून सांगताना आपल्याला काय समजलेलं नाही ते आपल्यालाच कळतं म्हणून.

तुम्ही विद्यार्थी असाल, तर सरांनी सांगायची वाट बघू नका. पुढच्या प्रॅक्टिकलला जोडीदाराच्या हातात फोन द्या, ब्युरेट स्वतःच्या हातात घ्या आणि पहिला थेंब सोडताना मोठ्याने सांगा, मी आता काय करतोय आणि का करतोय.

जिथे अडखळाल, तेवढंच शिकायचं बाकी आहे.