यूट्यूब आहे, मग प्रशिक्षण कशाला?

‘सॉफ्टवेअर शिकायला क्लास कशाला? लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की पुरे.’ अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत हा सल्ला हमखास मिळतो आणि त्यापाठोपाठ बिल गेट्स यांचं उदाहरण येतं. गेट्स यांनी हार्वर्ड अर्धवट सोडलं, हे खरंच आहे. मात्र त्याआधीची वर्षं सांगणाऱ्याच्या लक्षात नसतात. १९६८ पासून ते सिअ‍ॅटलच्या लेकसाइड शाळेत टर्मिनलवर बसत होते. तिथल्या एका संगणक कंपनीने त्यांना आणि त्यांच्या मित्रांना यंत्र फुकट वापरू दिलं. बदल्यात त्यांनी कंपनीच्या प्रणालीतल्या चुका शोधून द्यायच्या होत्या. म्हणजे शाळकरी वयातच त्यांना व्यावसायिक प्रणाली तपासायला मिळाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं, तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते आणि अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पाठ्यपुस्तक त्यांनी बारकाईने अभ्यासलं होतं. ही माणसं विलक्षण होतीच, पण ती शिक्षणाशिवाय घडली असं म्हणता येत नाही.

‘प्रोग्रॅम चालला म्हणजे जमलं’ हा समज याहून महाग पडतो. वेबसाइटवर ग्राहकाने टाइप केलेलं नाव प्रोग्रॅमरने जसंच्या तसं डेटाबेसच्या क्वेरीत जोडलं, तर रोजच्या वापरात काहीच बिघडत नाही. डेमो उत्तम होतो. पण नावाच्या जागी कुणी क्वेरीचाच तुकडा लिहिला, तर डेटाबेस तो हुकूम समजून पाळतो आणि आतली माहिती बाहेर देतो. एसक्यूएल इंजेक्शन नावाची ही युक्ती १९९८ पासून जाहीर आहे. उपायही साधा आहे: ग्राहकाने दिलेला मजकूर क्वेरीत मिसळायचा नाही, पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवायचा. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर याच मार्गाने हल्ला झाला. सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली. पंधरा हजारांहून अधिक जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही त्यात होते. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीला ४ लाख पौंड दंड ठोठावला.

चांगला प्रशिक्षक अशी क्वेरी विद्यार्थ्याला लिहू देतो, त्याच्या डोळ्यांदेखत ती फोडतो आणि मग त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतो. व्हिडिओ पाहून तत्त्व कळतं. सवय लागते ती आपल्या कोडवर कुणीतरी ‘इथून आत शिरता येतं’ असं बोट ठेवल्यावर.

पदवीचं काय? डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे पदवीत मिळणारं ज्ञान लवकर जुनं होत नाही आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण दुसऱ्याने पाच वर्षांपूर्वी लिहिलेल्या हजारो ओळींत हात घालणं, गिट वापरून चमूत काम करणं, स्वयंचलित चाचण्या लिहिणं हे पुष्कळांना कॉलेजात करायला मिळत नाही. इन्फोसिस म्हैसूरच्या भल्यामोठ्या आवारात नव्या अभियंत्यांना काही महिने शिकवते, ते यासाठीच. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकचा सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम अभियंतेच मोठ्या संख्येने करतात.

आणि अनुभवी माणसाला शिकण्यासारखं काही उरत नाही, हे तर साफ चूक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसण्याची आज्ञा त्याच्याकडून मुख्य सर्व्हरवर गेली. क्षणांत सुमारे ३०० जीबी डेटा उडाला. बॅकअप उघडायला गेले, तर तो रिकामा! बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो घेतलाच जात नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल मधल्यामध्ये नाकारल्या जात होत्या. वेगळ्या कामासाठी सहा तास आधी कुणी एक प्रत काढून ठेवली होती, तिने कंपनीला वाचवलं. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. गिटलॅबने हे सगळं तपशीलवार जाहीर केलं, हे त्यांचं मोठेपण. बॅकअपमधून डेटा परत उभा करण्याचा सराव शांत दिवशीच करावा लागतो, आणि तो जुन्याजाणत्यांनीही करायचा असतो.

‘आता एआय कोड लिहितं’ हा सर्वांत ताजा युक्तिवाद. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गिटहब कोपायलटकडून सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांसाठी १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले. त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षेची भोकं निघाली. तेव्हापासून ही साधनं सुधारली आहेत, पण त्यांनी दिलेलं उत्तर वाचून त्यातलं भोक ओळखणारा माणूस लागतोच, आणि तो तयार करावा लागतो.

पैसा आणि इंग्रजीची भीती या अडचणी खऱ्या आहेत. त्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिनक्स, सी यांसारख्या विषयांचे त्यांचे पाठ मराठीतही आहेत, तेही मोफत. म्हणजे माहितीसाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही. फी भरायची ती फुकट न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी ‘जॉब गॅरंटी’च्या फलकाकडे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्याकडे पाहू नका. माझा कोड ओळ न् ओळ कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा वाचणार आणि त्या माणसाने स्वतः किती वर्षं सॉफ्टवेअर सांभाळलं आहे, हे विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही, तर तिथे पैसे भरू नका.