पडद्यावरचे हलते चित्र आणि २५६ रंग

संगणकाच्या पडद्यावर स्थिर छायाचित्राऐवजी पावसाची धार किंवा शेकोटीच्या ज्वाळा हलत्या ठेवण्याची हौस जुनी असून, त्यासाठी व्हिडिओचा तुकडा कापून त्याची ‘जीआयएफ’ प्रकारची चलप्रतिमा बनवण्याची रीत अजूनही टिकून आहे. वास्तविक कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये हे स्वरूप आणले ते संथ टेलिफोन जोडण्यांवरून रंगीत चित्रे पाठवता यावीत म्हणून. दोन चित्रांमधील विलंब ठरवण्याची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली, आणि चित्रमालिका अखंड फिरवण्याची युक्ती १९९० च्या दशकात नेटस्केप ब्राउझरने जोडली. व्हिडिओ साठवणे हा त्यामागचा हेतू कधीच नव्हता, आणि रूपांतरातील बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

पहिली अडचण रंगांची. जीआयएफमधील प्रत्येक फ्रेम, म्हणजे मालिकेतील एकेक चित्र, जास्तीत जास्त २५६ रंगांच्या तालिकेवर भागवते, त्यामुळे सूर्यास्ताच्या आकाशातील सलग छटांच्या जागी पट्टे उमटतात. एफएफएमपेग या मोफत साधनाने आधी संपूर्ण तुकडा तपासून त्याला साजेशी तालिका तयार करता येते व मग तिच्या आधारे रूपांतर करता येते. शिवाय शेजारच्या ठिपक्यांत दोन रंग मिसळून तिसऱ्याचा भास निर्माण करणारी ‘डिथरिंग’ ही पद्धत पट्टे बऱ्याच अंशी लपवते. मात्र जीआयएफची संपीडन-पद्धत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रंगक्रमांवर अवलंबून असल्याने हे विखुरलेले ठिपके फाइल फुगवतात, आणि रूप सुधारावे तर आकार वाढतो अशी कोंडी होते.

आकाराचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांची एक फ्रेम, दर ठिपक्याला एक बाइट धरल्यास, संपीडनापूर्वी सुमारे २ एमबी भरते. सेकंदाला १५ फ्रेम धरल्या तरी १० सेकंदांचे ३०० एमबींहून अधिक होतात. आधुनिक व्हिडिओ-स्वरूपे एखादी वस्तू आधीच्या फ्रेममधून कोठे सरकली एवढीच नोंद ठेवू शकतात, तर जीआयएफला फार तर न बदललेला भाग वगळता येतो. म्हणून कॅमेरा स्वतः फिरत असलेले दृश्य तिला सर्वांत महाग पडते. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर, हालचाल एका कोपऱ्यापुरती आणि शेवटची फ्रेम पहिलीशी जुळणारी, असा तुकडा निवडणे हेच खरे कौशल्य होय. सांधा न जुळल्यास तुकडा सुलट व मग उलट फिरवण्याचा उपाय लाटांना कसाबसा चालतो, पण धबधबा वर चढू लागतो.

एवढे करूनही विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमधून लावलेली जीआयएफ स्थिरच दिसते व तिला हलवण्यासाठी वॉलपेपर इंजिनसारखे वेगळे सॉफ्टवेअर लागते. अशी सॉफ्टवेअरे मूळ व्हिडिओही थेट चालवतात, आणि त्याचे विसंकेतन ग्राफिक्स चिपवरील खास मंडल करीत असल्याने प्रोसेसरवर सहसा जीआयएफपेक्षा कमी भार पडतो.