परसबागेतील छोटे तळे : पाण्याइतकाच काठ महत्त्वाचा

अवर्षणप्रवण भागात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या बरीच वाढली. राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली सुरू झाल्यानंतर तर अनेक गावांच्या शिवारात चार-दोन तळी दिसू लागली. त्यामुळे परसबागेत आणखी एक लहान तळे करावे, असे सुचविले की शेतकरी बंधू विचारतात, "शेततळे असताना हे कशाला?"

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पिकासाठी उत्तम, परंतु जिवांच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी असते. त्याच्या बाजू तीव्र उताराच्या व गुळगुळीत असतात. पाण्यावर आलेली मधमाशी टेकायला जागा नसल्याने बुडते. ससा किंवा कुत्रे आत उतरले तर त्याला वर चढता येत नाही. माणसेही अशा तळ्यांत बुडून दगावली आहेत. (ज्यांचे शेततळे आहे त्यांनी एका कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरची शिडी आजच सोडावी.) बेडूक, चतुर, पक्षी व मधमाश्या यांना खोल पाणी लागत नाही. त्यांना हळूहळू उतरत जाणारा काठ लागतो, आणि तो दोन-तीन मीटरच्या तळ्यातही देता येतो.

जागा व खोदाई

दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल, पण मोठ्या झाडाचा पाला सतत पडणार नाही, अशी जागा निवडावी. घरापासून सहा-आठ मीटर अंतर ठेवावे. फवारणी होणाऱ्या शेताचे वाहून येणारे पाणी तळ्यात येता कामा नये. बेडकाची त्वचा पाण्याबरोबर त्यातील औषधही शोषून घेते. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके पाण्यातील जिवांना अत्यंत घातक आहेत. फवारणी पंप या पाण्यात कधीही धुऊ नये.

३ मीटर लांब, २ मीटर रुंद व मध्यभागी ६० सें.मी. खोल एवढा खड्डा पुरेसा होतो. एप्रिल-मे महिन्यात खोदाई करावी. लांबीच्या एका टोकाला १:३ उतार द्यावा, म्हणजे तीन फूट पुढे गेल्यावर एक फूट खोली येते. इतर तीन बाजूंना १:१ उतार चालतो. अशा तळ्यात साधारणपणे १,६०० ते १,७०० लिटर पाणी मावते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि जांभ्यात पाणी झिरपते, म्हणून अस्तर घालावेच. अस्तराची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर ३० सें.मी. मिळवावेत. रुंदीसाठीही हाच हिशेब करावा. वरील तळ्यासाठी ४.८ × ३.८ मीटर तुकडा लागतो. शेजाऱ्याच्या शेततळ्याचा उरलेला ५०० मायक्रॉनचा तुकडा मिळाला तर उत्तम. खाली जुने गोणपाट अंथरावे, वर १० सें.मी. मुरूममिश्रित माती पसरावी व उतरत्या बाजूवर दगडगोटे मांडावेत. शेणखत किंवा कंपोस्ट मात्र घालू नये, कारण त्याने शेवाळ माजते.

पाणी

आधीच हंडे वाहणाऱ्या घरात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. २० चौ.मी. पत्र्यावर १०० मि.मी. पाऊस पडला की २,००० लिटर पाणी पडते. पन्हळीने ते तळ्यात सोडल्यास कमी पावसाच्या भागातही तळे भरते. खर्च होतो तो बाष्पीभवनाचा. कडक उन्हाळ्यात रोज ८ ते १० मि.मी. पाणी उडते असे धरले तर ६ चौ.मी. तळ्यातून ४८ ते ६० लिटर, म्हणजे तीन-चार बादल्या जातात. एवढे पाणी नसेल तर ओढाताण करून भरू नये, तळे सरळ आटू द्यावे. बहुतेक बेडूक पहिल्या पावसात अंडी घालतात आणि बेडूकमासे काही आठवड्यांतच काठावर चढतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यात मासे टिकत नाहीत, हाही बेडकांचा फायदाच. मोरीचे साबणाचे पाणी मात्र अळू-केळीला द्यावे, तळ्यात नको.

डास आणि साप

डेंग्यूचा डास मुख्यतः पिंपे, टायर, करवंट्या यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. परंतु हिवतापाचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतात, म्हणून निष्काळजी राहून चालणार नाही. नव्या तळ्यात डास आधी येतात, त्यांचे शत्रू नंतर येतात. पाठीवर पोहणारे पाणकिडे उडत येतात, तसेच चतुर व टाचण्या अंडी घालतात व त्यांची पिले डासांच्या अळ्या खातात. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन अळ्या पाहाव्यात. आढळल्यास 'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्राएलेन्सिस' हे जैविक अळीनाशक लेबलप्रमाणे वापरावे. बोंडअळीसाठी फवारतो ती बीटी पावडर वेगळ्या उपप्रकाराची असते, तिचा येथे उपयोग नाही. रॉकेल किंवा जळके तेल ओतल्यास पाण्यातील मित्रकीटकही मरतात.

गप्पी किंवा गंबुसिया सोडावेत काय? हौदात वा टाकीत गप्पी ठीक आहेत. या तळ्यात नकोत, कारण ते बेडकांची अंडी व लहान बेडूकमासेही खातात, आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेले की स्थानिक माशांना त्रास होतो.

बेडकांमागे साप येतो हे खरे. बहुधा तो बिनविषारी दिवड असतो, पण नागही येऊ शकतो. पायवाटेवरील गवत कापलेले ठेवावे व रात्री विजेरीशिवाय तिकडे जाऊ नये. घरात लहान मूल असेल तर चांगले कुंपण झाल्याशिवाय तळे भरू नये. मूल एक फूट पाण्यातही बुडू शकते.

वनस्पती

कुमुद, जलब्राह्मी, वेखंड व थोडा हायड्रिला पुरे. निम्मा पृष्ठभाग उघडा राहिला पाहिजे. पाणकणसाच्या मुळ्या तळे व्यापून टाकतात. जलपर्णी फुलाच्या मोहाने आणू नये, ती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे आणि आपल्या नद्यांची तिने काय अवस्था केली हे आपण पाहतोच.

बेडूक बाहेरून पकडून आणण्याची गरज नाही. भारताने बेडकांच्या मांड्यांची निर्यात १९८७ साली बंद केली, पण पाणथळ जागा बुजल्याने व औषधांमुळे त्यांचा अधिवास घटतच आहे. जवळपास असतील तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ते आपणहून येतात.

देखभाल थोडीच आहे. पाला जाळीने काढावा. गाळ दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यापूर्वी काढावा, पण एका वेळी निम्माच, म्हणजे गाळातील पिले वाचतात. काढलेल्या वनस्पती रात्रभर काठावरच ठेवाव्यात. त्यांतील किडे पाण्यात परततात, मग त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात.